टोकाचा माणूस

हर्मन जोसेफ मुलर यांना १९४६ साली नोबेल पारितोषिक मिळाले ते फळमाशीत क्ष-किरणांनी आनुवंशिक बदल घडवता येतात, हे दाखवून दिल्याबद्दल. त्यांचे दुसरे एक काम या झळाळीत झाकून गेले. मला तेच अधिक मोलाचे वाटते.

१८९० साली न्यूयॉर्कमध्ये जन्मलेल्या या माणसाला मधला मार्ग ठाऊकच नव्हता. १९२७ मध्ये टेक्सासमधल्या क्ष-किरण प्रयोगांनी कीर्ती दिली, स्वास्थ्य दिले नाही. १९३२ मध्ये त्यांनी जीव देण्याचाही प्रयत्न केला. त्याच वर्षी ते बर्लिनला गेले; तिथे हिटलर आला, तसे १९३३ मध्ये वाव्हिलोव्ह यांच्या निमंत्रणावरून रशियात. साम्यवादावर त्यांची श्रद्धा होती. उत्तम मानवी संतती कशी घडवावी, याचे पत्र त्यांनी चक्क स्टालिनला लिहिले! एवढ्या बुद्धिमान माणसाचा हा भाबडेपणा थक्क करतो. पण डिसेंबर १९३६ मध्ये याच मुलर यांनी मॉस्कोत लायसेन्कोला भर सभेत विरोध केला. पुढच्या वर्षी त्यांनी रशिया सोडला. त्यांचे सहकारी अगोल आणि लेव्हिट यांना गोळ्या घालण्यात आल्या. वाव्हिलोव्ह १९४३ मध्ये तुरुंगात वारले.

या पळापळीतच ते दुसरे काम झाले. क्ष-किरणांनी माशीची गुणसूत्रे, म्हणजे आनुवंशिक गुण वाहणारे सूक्ष्म धागे, तुटत आणि तुकडे भलतीकडे सांधले जात. धागा मध्येच कुठेही तुटे. पण टोक गमावलेला धागा टिकलेला दिसेना. टोकाला काहीतरी खास आहे, ते धागा बंद करते, असे मुलर यांनी ताडले आणि १९३८ मध्ये त्याला टेलोमिअर हे नाव दिले. धनादेशावर अक्षरी रकमेपुढे आपण फक्त लिहून रेघ ओढतो, पुढे कोणी काही जोडू नये म्हणून. बँकेत हयात गेलेल्या मला टेलोमिअर कळले ते या फक्तमुळे.

मुलर १९६७ मध्ये निवर्तले. त्यानंतर काही वर्षांतच स्वित्झर्लंडच्या पोस्कियाव्हो खोऱ्यातल्या उंदरांत ४० ऐवजी २६ गुणसूत्रे असल्याचे उघड झाले. २८ सुटे धागे जोडीजोडीने सांधून १४ झाले होते. अशा सांध्यांची १९९०च्या दशकात तपासणी झाली, तेव्हा तिथे टेलोमिअर उरलेले नव्हते. फक्त खोडले गेले, तेव्हाच पुढे जोडता आले! हे उंदीर धडधाकट असतात, त्यांना पिल्लेही होतात. साध्या घरउंदराशी संकर झाला, तर मात्र त्या संकरित पिल्लांची प्रजननक्षमता घटते.