रामचंद्रपंत अमात्य

रामचंद्र नीलकंठ अमात्य, अर्थात रामचंद्रपंत अमात्य बावडेकर (सु. १६५० – १७१६), हे मराठा राज्यातील मुत्सद्दी आणि 'आज्ञापत्र' या राजनीतिपर ग्रंथाचे कर्ते होत. गडावरील गवत कोठे जाळावे आणि झाडी कोठे राखावी, याचे तपशीलवार नियम या ग्रंथात आढळतात.

जीवन

नीलो सोनदेव यांचे ते पुत्र. १६७४ मध्ये शिवाजी महाराजांच्या राज्याभिषेकाच्या वेळी ते अमात्यपदी होते. १६८९ मध्ये राजाराम महाराज जिंजीस गेले, तेव्हा 'हुकुमतपनाह' हा किताब देऊन महाराष्ट्राचा कारभार त्यांच्यावर सोपवण्यात आला. पुढे त्यांनी ताराबाईंचा पक्ष घेतला. मात्र १७१४ मध्ये पन्हाळ्यावर सत्तांतर होऊन राजसबाईंचे पुत्र संभाजी गादीवर आले, तेव्हा ते नव्या छत्रपतींच्या बाजूस होते. गगनबावड्याच्या जहागिरीवरून त्यांचे घराणे बावडेकर म्हणून ओळखले जाते.

आज्ञापत्रातील वृक्षविचार

१७१५ मध्ये संभाजी महाराजांच्या नावे लिहिलेल्या या ग्रंथात दुर्गांच्या प्रकरणात आगीचा उपयोग नेमून दिलेला आहे. तटावर उगवलेली झाडे वरचेवर कापावीत आणि तटाचे व तटाखालचे गवत जाळून गड मोकळा ठेवावा, असा नियम आहे. झाडांची मुळे चिऱ्यांच्या सांध्यांत शिरली की तट फुटतो, हे त्यामागील उघड कारण होय. गडावरील केरही खाली न टाकता जागोजागी जाळून त्याची राख परसातील भाजीपाल्यास घालण्यास सांगितले आहे. गडाखालची झाडी मात्र गडाचे संरक्षण मानली असून, ती प्रयत्नाने वाढवावी आणि तिच्यातील एक काठीही तोडू देऊ नये, अशी ताकीद आहे.

आरमाराच्या प्रकरणात हा विचार अधिक खोल जातो. युरोपात जहाजांसाठी ओकचे लाकूड लागे व त्यापायी फ्रान्समध्ये १६६९ चा वनकायदा झाला. येथे ती गरज सागवानाची होती. स्वराज्यातील सागवानादी झाडे हुजूरच्या परवानगीने तोडावीत, आंबा व फणस यांना हात लावू नये, असा दंडक आहे. ही झाडे वर्षा-दोन वर्षांत होत नाहीत, रयतेने ती लेकरांप्रमाणे वाढवलेली असतात, हे कारण दिले आहे. जीर्ण झाड घ्यायचेच झाल्यास मालकाला राजी करून, मोबदला देऊन घ्यावे. सिंधुदुर्ग व मालवणचा किनारा कोल्हापूरकडे असल्याने हे नियम केवळ तात्त्विक नव्हते.

रामचंद्रपंतांची समाधी पन्हाळ्यावर आहे.