तपोवनचे दाजीसाहेब

अमरावतीला दाजीसाहेब पटवर्धन नावाचे एक मोठे डॉक्टर होऊन गेले. त्यांचे पूर्ण नाव शिवाजी गणेश पटवर्धन. पण सारे लोक त्यांना दाजीसाहेबच म्हणत. त्यांचा जन्म १८९२ साली कर्नाटकात जमखंडीकडे झाला. पुढे ते आपल्या वऱ्हाडात आले अन् इथलेच झाले. अमरावतीला ते होमिओपॅथीची औषधे देत. देश पारतंत्र्यात होता तेव्हा ते स्वातंत्र्याच्या लढ्यातही उतरले.

पण त्यांचे सर्वांत मोठे काम म्हणजे कुष्ठरोग्यांची सेवा. त्या काळी ज्याला हा रोग होई त्याला घरचेच लोक बाहेर काढत. मागच्या जन्मीचं पाप आहे म्हणत. ऐकून ऐकून रोग्यालाही तेच खरं वाटे. तो मान खाली घालून देवळाच्या पायरीशी भीक मागत बसे.

पाप-बिप काही नसते. हा रोग जंतूंमुळे होतो. नॉर्वे देशातले डॉक्टर हॅन्सन यांनी १८७३ साली ते जंतू शोधून काढले. माय भाकर टाकते तेव्हा तिचे बोट तापल्या तव्याला लागले की हात आपसूक मागे येतो. आता हात ओढू, असे ती काही ठरवत नाही. ते काम नसा करतात. कुष्ठरोगात नसा मरतात. मग चटका बसला तरी हात मागे येत नाही. पायात काटा रुतला तरी कळत नाही. जखम चिघळते अन् बोटे आखूड होतात. म्हणजे आपला हात मागे येतो यात आपली हुशारी नाही, अन् त्यांचा येत नाही यात त्यांचा गुन्हा नाही.

पाहणाऱ्याचंही तसंच आहे. असे हात पाहून अंगावर काटा येतो, तो कोणी मुद्दाम आणत नाही. वरोऱ्याचे बाबा आमटे कोणालाच भीत नसत. पण पावसात पडलेला तुळशीराम नावाचा रोगी पाहून तेही पळाले होते. मग त्यांना घरी राहवेना. ते परत गेले अन् त्याची सेवा केली. मला ही गोष्ट लय आवडते, कारण भ्याले तरी परत गेले.

दाजीसाहेबांनी १९४६ साली अमरावतीला तपोवन सुरू केले. त्याचे नाव जगदंबा कुष्ठनिवास. तिथे नुसती मलमपट्टी नव्हती. ज्याला जेवढे जमेल तेवढे काम होते. कोणी सुतारकाम करी, कोणी विणकाम, कोणी शेती. गावाने हाकललेला माणूस तिथे आपल्या कष्टाची भाकर खाऊ लागला. १९५९ साली सरकारने दाजीसाहेबांना पद्मश्री दिली. १९८६ साली ते वारले. तपोवन अजून आहे.

आता या रोगाच्या गोळ्या सरकारी दवाखान्यात फुकट मिळतात. सहा महिने किंवा वर्षभर घ्याव्या लागतात. आमच्या गावातले एक आजोबा असे कधीचेच बरे झाले. त्यांच्यापासून आता कोणालाच रोग होत नाही, पण बोटे तशीच राहिली. म्हणून पंगतीत त्यांना अजून बाजूला बसवतात. शाळा पाहायला येणाऱ्या मायबापांनी हे वाचावे म्हणून मी लिहिले.

वैशाखात शेजारच्या ताईचे लग्न आहे. पंगतीत मी त्या आजोबांजवळ बसणार आहे. बाबांना विचारले आहे. ते अजून काही बोलले नाहीत.