समुद्रात बुडालेला राजा सोमेश्वर

मुलुंडच्या पुढचे स्टेशन ठाणे. तिथे आपण एस.टी. पकडायला जातो, तलावपाळी बघायला जातो. पण सुमारे साडेसातशे वर्षांपूर्वी हेच ठाणे एका राज्याची राजधानी होते, बरं का! तेव्हा त्याला श्रीस्थानक म्हणत. तिथे शिलाहार घराण्याचे राजे राज्य करीत. अंबरनाथचे १०६० सालचे शिवमंदिर त्यांच्याच काळातले. या घराण्याचा शेवटचा राजा सोमेश्वर.

उरणजवळ रानवड आणि चांजे या गावी त्याचे शिलालेख सापडले. चांज्याचा लेख १२६० सालचा आहे. तिथल्या एका बागेचे १६२ द्रम्म उत्पन्न ठाण्याच्या उत्तरेश्वर महादेवाला दिल्याची नोंद त्यात आहे. द्रम्म म्हणजे त्या वेळचे नाणे.

राज्य तसे चिंचोळे. एका बाजूला सह्याद्री, दुसरीकडे समुद्र. खरे बळ होते ते बंदरांचे आणि गलबतांचे. घाटावर मात्र देवगिरीचे यादव फार बलाढ्य होते. १२६० साली महादेव यादव गादीवर आला आणि त्याने कोकणावर स्वारी केली. यादवांचे हत्ती घाट उतरून खाली आले. हत्तींपुढे कोकणची फौज किती टिकणार? जमिनीवर हार झाली तेव्हा सोमेश्वर आपल्या माणसांसह गलबतांवर चढला. यादवांनी समुद्रातही त्याचा पाठलाग केला. सुमारे १२६५ साली तो समुद्रात बुडून मेला आणि साडेचारशे वर्षांचे शिलाहार राज्य संपले.

ही हकिगत लिहून ठेवली कुणी? हेमाद्रीने, म्हणजे ज्याच्या नावावरून आपण जुन्या देवळांना हेमाडपंती म्हणतो त्याने. तो महादेव यादवाचाच मंत्री! सोमेश्वर पोहण्यात तरबेज होता, तरी आमच्या हत्तींच्या मदाच्या पुरात बुडाला, असे त्याने ऐटीत लिहिले आहे. आता हत्तीच्या मदात कुणी बुडते का? जिंकणाऱ्याच्या माणसाने लिहिले की असेच व्हायचे. त्याच शतकात फ्रान्सचा राजा नववा लुई जेरुसलेमसाठी धर्मयुद्धाला निघाला आणि १२७० साली ट्युनिसला मेला. तोही हरलाच. पण त्याचे चरित्र त्याच्या सोबत्याने प्रेमाने लिहिले. आपल्या सोमेश्वराला असा सोबती लाभला नाही.

पण दगड आहेत! बोरिवलीला एकसर गावात उंचच उंच वीरगळ उभे आहेत. लढाईत पडलेल्या वीरांचे हे दगड. त्यांवर वल्ह्यांच्या रांगा असलेली गलबते कोरली आहेत, हत्तीही आहेत. ही सोमेश्वराचीच लढाई असे पुष्कळ अभ्यासक मानतात. वीरगळ खालून वर वाचायचा असतो. खाली लढाई आणि वर स्वर्ग. पालकांनी एखाद्या रविवारी मुलांना तिथे जरूर न्यावे. गलबतांतली माणसे मोजायला फार मजा येते.