दूरदेशीचे यात्रिक नामदेव

भारताचा नकाशा उघडून पंढरपूरवर बोट ठेवावे आणि ते सरळ उत्तरेकडे सरकवीत न्यावे. गोदावरी, तापी, नर्मदा आणि चंबळ या नद्या ओलांडल्या, अरवलीच्या रांगा व राजस्थानची वाळू मागे टाकली, सतलज आणि बियास उतरून पलीकडे गेले, की बोट पंजाबातील गुरुदासपूर जिल्ह्यात येते. तेथे घुमान नावाचे गाव आहे. सरळ रेषेत मोजले तरी पंढरपूर ते घुमान हे अंतर दीड हजार किलोमीटरांहून अधिक भरते. वळणावळणाच्या वाटांनी ते याहून कितीतरी मोठे. जेव्हा आगगाडी नव्हती, नकाशाही नव्हता, अशा काळी एक मराठी माणूस ही वाट पायी चालून गेला. तो माणूस म्हणजे संत नामदेव.

नामदेवांचा जन्म इ. स. १२७० मध्ये झाला असे मानतात. वडिलांचे नाव दामाशेटी, आईचे गोणाई. घरचा धंदा शिंप्याचा. घराण्याचे मूळ गाव कयाधू नदीच्या काठची नरसी बामणी. १९९९ साली हिंगोली हा वेगळा जिल्हा झाला, तोपर्यंत हे गाव परभणी जिल्ह्यात गणले जाई. नामदेव पंढरपुरातच जन्मले असे म्हणणारेही आहेत. पण नरसीच्या पारावर बसून तसे बोलण्याची सोय नाही!

पुढे हजारो कोस चाललेल्या या पुरुषाला तरुणपणी मात्र पंढरपूरची वेस ओलांडणे म्हणजे मोठे संकट वाटे. विठ्ठलाचे देऊळ, चंद्रभागेचे वाळवंट आणि त्या वाळवंटातील कीर्तन, एवढेच त्यांचे जग होते. देव जर पंढरीत उभा आहे, तर दुसरीकडे जायचे कशाला, असा त्यांचा साधा हिशेब होता.

या हिशेबाला धक्का बसला तो एका थापटण्याने. एकदा संतमंडळी जमली असता गोरोबाकाका कुंभारांनी, भाजलेली मडकी पारखावी त्याप्रमाणे, प्रत्येकाच्या डोक्यावर थापटणे मारून पाहिले. बाकीचे शांत बसले. नामदेवांना मात्र राग आला. तेव्हा हे मडके अजून कच्चे आहे, असा निकाल मिळाला. चारचौघांत झालेली ही फजिती नामदेवांच्या मनाला फार लागली. ते गुरूच्या शोधात निघाले आणि औंढा नागनाथ येथे विसोबा खेचरांपाशी पोचले. पाहतात तो विसोबा शिवाच्या पिंडीवर पाय ठेवून स्वस्थ निजलेले! नामदेवांनी त्यांना पाय काढण्यास सांगितले. जेथे देव नसेल तेथे तूच माझे पाय उचलून ठेव, असे विसोबांनी सुचविले. नामदेवांनी पाय जिकडे वळवावे तिकडे पिंड दिसू लागली, अशी कथा आहे. कथेतील चमत्कार बाजूला ठेवला तरी तिच्यातला अर्थ शिल्लक राहतो. एका उंबरठ्याशी बांधलेल्या माणसाला सर्व दिशा मोकळ्या झाल्या. आणि नवल असे, की हा धडा त्यांना मिळाला तो नरसीपासून फारशा दूर नसलेल्या, आपल्या मूळ मुलखातच.

ज्ञानेश्वर हे नामदेवांपेक्षा वयाने लहान. तीर्थयात्रेस बरोबर यावे, असा आग्रह त्यांनी धरला. धडा मनाला पटला होता, पण पाय अजून अडखळत होते. विठ्ठलाचा निरोप घेताना नामदेवांची काय अवस्था झाली, याचे वर्णन ‘तीर्थावळी’च्या अभंगांत आले आहे. अखेर दोघे निघाले.

त्या काळचा वाटसरू सामान ते किती बाळगणार? खांद्यावर पडशी, हातात काठी, एक तांब्या, एक घोंगडी. पडशीच्या एका कप्प्यात पीठ आणि मीठ, दुसऱ्यात धोतराचे पान. मिरचीचा ठेचा किंवा शेंगदाण्याची चटणी मात्र त्या पडशीत शोधू नये. मिरची आणि भुईमूग दूरच्या अमेरिका खंडातून आपल्याकडे येण्यास अजून दोनशेहून अधिक वर्षे लागणार होती. नदीकाठी तीन दगडांची चूल मांडावी, भाकरी भाजावी, झाडाखाली पडावे आणि पहाटे तारे पाहून पुन्हा चालू लागावे, असा हा प्रवास. अशाच एका मुक्कामाची गोष्ट महाराष्ट्रात घरोघरी सांगतात. नामदेवांनी भाजून ठेवलेल्या भाकरी एका कुत्र्याने पळविल्या. नामदेव त्याच्या मागे धावले, पण हातात काठी नव्हती, तुपाची वाटी होती. कोरडी भाकरी त्याला खाववणार कशी, ही त्यांना चिंता! औंढ्याला मिळालेला धडा किती खोल मुरला होता, हे सांगण्यासाठीच लोकांनी ही गोष्ट जपली असावी.

मारवाडच्या वाळवंटात तहानेने दोघांचा जीव कासावीस झाला. विहीर सापडली, पण पाणी खोल आणि जवळ दोर नाही. ज्ञानेश्वर योगबळाने आत उतरून पाणी पिऊन आले. नामदेवांनी तेथेच बसून विठ्ठलाचा धावा केला आणि विहीर काठोकाठ भरून वाहू लागली, असे तीर्थावळी सांगते. कोरड्या मुलखात पाण्याचा थेंब किती मोलाचा, हे ज्याने सोसले असेल त्यालाच अशी कथा रचणे सुचेल.

यात्रा संपली आणि १२९६ साली ज्ञानेश्वरांनी आळंदीस समाधी घेतली. त्यांचे वय तेव्हा अवघे एकवीस वर्षांचे होते. त्या प्रसंगाचे वर्णन नामदेवांनी अभंगांतून केले. ज्ञानेश्वरांचे पहिले चरित्र म्हणून मराठीत नामदेवांच्या अभंगांचे मोल फार मोठे आहे. त्याच वर्षी अल्लाउद्दीन खिलजीने देवगिरीवर स्वारी केली. पुढे काही वर्षांतच यादवांचे राज्य बुडाले. १३२७ च्या सुमारास महंमद तुघलकाने दिल्लीची राजधानी देवगिरीला, म्हणजे दौलताबादेस हलविली आणि उत्तर-दक्षिण वाटांवर लष्कर आणि घरदार सोडलेली माणसे दिसू लागली. अशा धामधुमीच्या दिवसांत, उतारवयात, नामदेव पुन्हा पंढरपूर सोडून उत्तरेकडे निघाले.

ते गेले तेव्हा मागे घर होते, हेही विसरता येत नाही. पत्नी राजाई, मुले, सुना असा मोठा परिवार. गोदावरीकाठच्या गंगाखेडहून लहानपणी आलेली जनाबाई त्याच घरात दळणकांडण करी आणि दळता दळता अभंग रची. संसाराकडे नामदेवांचे लक्ष नाही, म्हणून गोणाई आणि राजाई यांनी केलेल्या तक्रारी अभंगरूपाने आजही वाचावयास मिळतात. त्या तक्रारी खोट्या नव्हत्या. वाटेवर चालणाऱ्याचे कौतुक सारे करतात. घरातली रिकामी पिठाची मडकी कोणाला दिसत नाहीत. नामदेवांच्या घराण्याने हे दुःख लपविले नाही, ही त्या घराण्याची थोरवीच म्हणावी लागेल.

पंजाबात नामदेवांना मराठी समजणारे कोण भेटणार? हवा वेगळी, अन्न वेगळे, बोली तर अगदीच निराळी. पंढरपुरात ज्यांच्या कीर्तनाला वाळवंट भरून जाई, त्यांना येथे कोणी ओळखीतही नव्हते. परमुलखात गेलेला माणूस अशा वेळी एक तर परत फिरतो किंवा आपल्याच चार माणसांत दार लावून बसतो. नामदेवांनी तिसरी वाट धरली. तेथील लोकांची बोली त्यांनी आपलीशी केली आणि त्या बोलीत पदे रचली. घुमानच्या परिसरात तेव्हा रान होते. नामदेव तेथे राहिले, त्यांच्याभोवती माणसे जमली आणि हळूहळू गाव वसले, असे परंपरा सांगते. सुमारे वीस वर्षे त्यांनी त्या मुलखात काढली. तेथील कापड रंगविणारे छिंबे आणि शिंपी त्यांना आपल्यातलेच एक मानू लागले.

१६०४ साली शिखांचे पाचवे गुरू अर्जुनदेव यांनी ‘आदिग्रंथ’ सिद्ध केला. हाच ग्रंथ पुढे ‘गुरु ग्रंथ साहिब’ म्हणून पूजनीय झाला. त्यात नामदेवांची ६१ पदे आहेत. त्यांची भाषा उत्तरेकडची आहे. तरी मधूनच एखादा मराठी वळणाचा शब्द डोकावतो आणि ‘बीठल’ या नावाने पंढरीचा विठ्ठल भेटतो. चालून चालून माणूस कितीही दूर गेला, तरी जिभेला गावचे वळण राहतेच.

नामदेवांचा अंत १३५० साली झाला असे मानतात. महाराष्ट्रातील परंपरेप्रमाणे ते अखेरीस पंढरपुरास परतले आणि विठ्ठलमंदिराच्या महाद्वारात समाधिस्थ झाले. संतांच्या पायांचा स्पर्श व्हावा, अशी त्यांची इच्छा होती. त्या जागेची पायरी ‘नामदेव पायरी’ म्हणून ओळखली जाते आणि देवळात शिरणारा वारकरी आधी तेथे माथा टेकवितो. पंजाबातील भाविक मात्र नामदेवांनी घुमान येथेच देह ठेवला, असे मानतात. तेथे त्यांचे मंदिर आहे आणि माघात जत्रा भरते. दोन्ही गावे त्यांना आपले समजतात. कोणी कोणाशी भांडत नाही.

२०१५ साली अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे ८८ वे अधिवेशन घुमान येथे भरले. मराठी लेखक आणि वाचक तेव्हा नामदेवांच्या वाटेने उत्तरेस गेले. अर्थात पायी नव्हे, आगगाडीने. तिकडून इकडेही येणे-जाणे चालूच असते. नांदेडच्या गुरुद्वाऱ्यात दर्शन घेतलेले पंजाबी यात्रेकरू आणखी पुढे येऊन कयाधूकाठच्या नरसीत उतरतात आणि बाबा नामदेवांचे गाव हेच ना, असे विचारीत देवळाकडे जातात.