एट्रिकचे मेंढपाळ जेम्स हॉग आणि त्यांचा कुत्रा सिरा

या महिन्याच्या भित्तीपत्रकात थोर माणसांची ओळख द्यायची आहे. वर्गात कुणी लोकमान्य टिळकांवर लिहिलं, कुणी सावित्रीबाईंवर लिहिलं. मी जेम्स हॉग यांच्यावर लिहिणार आहे. ते राजे नव्हते आणि पुढारीही नव्हते. ते मेंढपाळ होते. मेंढरं राखता राखता ते मोठे लेखक झाले. गुरुजींनी मला त्यांची माहिती सांगितली, ती मी माझ्या भाषेत लिहिली आहे. वर्गमित्रांनी आणि शाळेत आलेल्या आईवडिलांनी ती जरूर वाचावी.

इंग्लंडच्या उत्तरेला स्कॉटलंड नावाचा देश आहे. तिथं डोंगर पुष्कळ आणि थंडीही पुष्कळ. हिवाळ्यात बर्फ पडतो. शेतीपेक्षा गवत जास्त, म्हणून तिथले लोक मेंढरं पाळतात. इंग्लंडच्या सरहद्दीजवळ एट्रिक नावाचं खोरं आहे. तिथं १७७० साली जेम्सचा जन्म झाला. वडिलांचं नाव रॉबर्ट आणि आईचं नाव मार्गारेट. वडील मेंढ्यांचा व्यापार करत. पण जेम्स सहा वर्षांचा असताना व्यापार बुडाला आणि घरातलं होतं नव्हतं ते सगळं विकलं गेलं.

जेम्सची शाळा सुटली. त्याची सगळी शाळा मिळून काही महिन्यांचीच झाली. सातव्या वर्षी तो दुसऱ्याच्या घरी गुरं राखायला राहिला. सहा महिन्यांचा पगार काय, तर एक मेंढीचं कोकरू आणि बुटांचा एक जोड! आपण सात वर्षांचे होतो तेव्हा पहिली-दुसरीत पाढे म्हणत होतो. तो तेव्हा डोंगरावर गुरांमागं पळत होता.

आई त्याला जुनी गाणी आणि भुताखेतांच्या गोष्टी सांगायची. तिला कितीतरी गाणी तोंडपाठ होती. जेम्सनं चौदाव्या वर्षी साठवलेल्या पैशातून पाच शिलिंगाचं एक जुनं व्हायोलिन घेतलं. दिवसभर काम करून रात्री गोठ्यात तो ते वाजवायचा. लिहायला तो मोठेपणी शिकला. छापलेली अक्षरं बघून बघून तशीच काढायची, अशी त्याची शाळा. मेंढरं चरत असताना तो टेकडीवर बसून लिहायचा. शाईची लहान बाटली जाकिटाला अडकवलेली असायची.

१७९० साली जेम्स हॉग ब्लॅकहाउस नावाच्या ठिकाणी मेंढपाळ म्हणून कामाला लागले. तिथं ते दहा वर्षं होते. मालक चांगले होते. त्यांच्या घरी पुस्तकं होती आणि ती ते हॉग यांना वाचायला देत. पण काम सोपं नव्हतं. १७९४ च्या जानेवारीत तिथं बर्फाचं मोठं वादळ झालं. त्या एका वादळात त्या भागातले १७ मेंढपाळ मेले, असं हॉग यांनी लिहून ठेवलं आहे. किती मेंढरं बर्फाखाली गाडली गेली त्याला गणतीच नाही.

आता कुत्र्याची गोष्ट सांगतो. आपल्याकडं सुगीनंतर धनगर शेतात मेंढरं बसवतात, त्यांच्याबरोबर कुत्री असतात. ती रात्री जागून लांडग्यापासून राखण करतात. मेंढरं वळायचं काम मात्र जास्त करून माणसंच करतात. स्कॉटलंडमधली कुत्री वेगळ्या कामाची. ती स्वतः मेंढरं वळतात. माणूस खाली उभा राहतो आणि कुत्रा डोंगरावर जाऊन सगळा कळप गोळा करून आणतो.

एकदा हॉग यांना रस्त्यात एक गुरांचा व्यापारी भेटला. त्यानं दोरीला बांधून एक कुत्रा चालवला होता. कुत्रा हडकलेला आणि उपाशी होता. रंग जवळजवळ काळा, तोंडावर तपकिरी पट्टे. दिसायला अजिबात चांगला नव्हता. व्यापाऱ्यानं तो एका मुलाकडून तीन शिलिंगांना घेतला होता. हॉग यांना त्याच्या तोंडावर हुशारी दिसली. त्यांनी एक गिनी देऊन तो घेतला. एक गिनी म्हंजे २१ शिलिंग. तीन साते एकवीस, म्हंजे सातपट पैसे दिले! गरीब मेंढपाळाला ते लई झाले. पण हे पैसे वाया गेले नाहीत, असं ते पुढं आयुष्यभर मानत होते.

त्या कुत्र्याचं नाव सिरा. तेव्हा तो एक वर्षाचाही नव्हता आणि त्यानं एकही मेंढरू कधी वळलेलं नव्हतं. पण हे आपलं काम आहे आणि त्यानं मालक खूश होतो, एवढं कळल्यावर तो शिकायला लागला. मालकाला काय हवं आहे ते कळेपर्यंत तो एक करून बघायचा, दुसरं करून बघायचा. एकदा कळलं की पुन्हा कधी विसरायचा नाही. स्वभावानं तो घुम्या होता. अंगावरून हात फिरवलेला त्याला आवडत नसे. पण कामात त्याच्यासारखा दुसरा नाही, असं हॉग म्हणत.

एका वर्षी ७०० कोकरं नुकतीच आयांपासून तोडली होती. अशी कोकरं सारखी ओरडतात आणि बिथरतात. हॉग आणि एक तरुण मदतनीस त्यांची राखण करत होते. मध्यरात्री सगळी कोकरं एकदम उधळली आणि तीन टोळ्या होऊन तीन वाटांनी डोंगरात पळाली. अंधार तर असा की काहीच दिसेना. हॉग यांनी सिराला सांगितलं की कोकरं गेली रे. सिरा कधी निघून गेला ते त्यांना कळलंसुद्धा नाही. ते दोघं रात्रभर मैलोन् मैल फिरले. ना कोकरं सापडली, ना कुत्रा. पहाट झाली. आता मालकाला जाऊन सांगायचं की तुमचा सगळा कळप हरवला. विचार करा, त्यांना केवढी भीती वाटली असेल! नोकरी गेली असती आणि नावही गेलं असतं.

परत जाताना एका खोल घळीच्या तळाशी त्यांना कोकरं दिसली. पुढं सिरा उभा होता. ही तीनपैकी एक टोळी असेल, असं त्यांना वाटलं. जवळ जाऊन बघतात तर काय, सगळी ७०० कोकरं तिथं होती. एकही कमी नव्हतं. तीन वाटांनी गेलेली कोकरं त्या काळोखात एकट्या कुत्र्यानं गोळा केली होती. मधल्या रात्रीपासून उजाडेपर्यंत त्याच्या मदतीला कुणीच नव्हतं. डोंगरातले सगळे मेंढपाळ आले असते तरी याच्यापेक्षा चांगलं काम झालं नसतं, असं हॉग यांनी लिहिलं आहे.

पुढची गोष्ट वाईट आहे, पण ती हॉग यांनी लपवली नाही म्हणून मीही लिहितो. सिरा म्हातारा झाला. त्याला एकट्याला सगळं काम होईना. त्याचाच मुलगा हेक्टर तयार होत होता. दिवस टंचाईचे होते आणि कुत्र्यांवर सरकारचा करही होता. दोन कुत्र्यांचा खर्च मालकावर टाकणं हॉग यांना बरं वाटेना. शेवटी त्यांनी सिराला शेजारच्या एका तरुण मेंढपाळाला तीन गिनींना विकलं.

हॉग यांनी जा म्हटल्यावर सिरा मुकाट्यानं गेला. पहिले दोन दिवस त्यानं नव्या माणसाकडं नेहमीसारखं उत्तम काम केलं. कारण पूर्वीही तो घरच्या दुसऱ्या माणसांबरोबर कामाला जायचा, आणि संध्याकाळी हॉग यांच्याकडून एक शाबासकीचा शब्द मिळाला की त्याला पुरायचं. पण आता संध्याकाळी तो शब्द मिळेना. आपल्याला सोडून दिलं हे त्याला कळलं. त्यानंतर त्यानं त्या माणसाचं काम कधीच केलं नाही. मेंढरांत शिरून मुद्दाम नुकसान करायचा. पण तो तरुण भला होता. त्यानं सिराला मारलं नाही की हाकलून दिलं नाही. आपल्या म्हाताऱ्या वडिलांकडं नेऊन सोडलं आणि तो जगेल तोवर त्याला नीट सांभाळा म्हणून सांगितलं. म्हाताऱ्यानंही शेवटपर्यंत त्याला मायेनं सांभाळलं.

नंतर कितीतरी महिने सिरा अधूनमधून हॉग यांना बघायला यायचा. घराकडं येत नसे. ते सकाळी डोंगरावर ज्या वाटेनं जात, त्या वाटेजवळ तो पडून राहायचा. ते आले की जवळ येत नसे. २०० यार्ड लांबूनच डोंगराला वळसा घालायचा आणि परत जायचा. हे ऐकताना वर्गात सगळे गप्प झाले होते. आपण एक शब्द बोललो असतो तर तो परत आला असता, याची हॉग यांना फार हळहळ वाटत राहिली.

हेक्टरही हुशार होता, पण फार गमत्या. त्याला गाण्याचा नाद होता. हॉग चर्चमध्ये गाणं म्हणायला लागले की तोही तोंड वर करून गळा काढायचा आणि लोकांना हसू आवरायचं नाही.

पुढं हॉग यांचं नाव झालं. १८०२ साली सर वॉल्टर स्कॉट हे मोठे लेखक जुनी गाणी गोळा करायला त्यांच्या घरी आले. आईनं त्यांना गाणं म्हणून दाखवलं, पण गाणी छापून त्यांची गोडी घालवली म्हणून चांगलं सुनावलंही. १८०७ साली हॉग यांचं कवितांचं पुस्तक निघालं. त्याच वर्षी मेंढरांच्या रोगांवरही त्यांचं पुस्तक निघालं. त्यातून मिळालेले पैसे त्यांनी शेतीत घातले आणि ते बुडाले. मग १८१० साली ते एडिंबरा शहरात गेले. १८१३ सालच्या एका मोठ्या काव्यानं ते प्रसिद्ध झाले. लोक त्यांना एट्रिकचा मेंढपाळ म्हणू लागले. १८२० साली त्यांचं लग्न झालं आणि त्यांना पाच मुलं झाली. २१ नोव्हेंबर १८३५ रोजी ते वारले. त्यांना एट्रिकलाच पुरलं आहे. १८६० साली तिथल्या सेंट मेरी तळ्याकाठी त्यांचा पुतळा उभारला, त्यात त्यांच्या पायाशी कुत्रा आहे.

मेंढपाळाचा कुत्रा नसता तर तो डोंगराळ मुलूख कवडीमोलाचा झाला असता, असं हॉग यांचं मत होतं. कारण तेवढी मेंढरं वळायला माणसं लावली, तर मेंढरांचं उत्पन्न त्यांच्या मजुरीतच गेलं असतं.

हॉग यांच्या काळी अशा कुत्र्यांच्या मोठ्या शर्यती नव्हत्या. ते गेल्यावर ३८ वर्षांनी, १८७३ साली, वेल्समधल्या बाला गावी ब्रिटनमधली पहिली प्रसिद्ध शर्यत झाली. वेल्समध्ये राहणाऱ्या जेम्स थॉमसन नावाच्या स्कॉटिश माणसानं ती जिंकली. त्याच्या कुत्र्याचं नाव ट्वीड. तोसुद्धा काळा-तपकिरीच होता! मला लगेच सिराची आठवण झाली. १९०६ साली या कुत्र्यांची आंतरराष्ट्रीय संस्था निघाली. आता त्या जातीला बॉर्डर कॉली म्हणतात. बॉर्डर म्हंजे सरहद्द, तीच हॉग यांच्या गावाजवळची.

या शर्यतीत नुसतं जोरात पळायचं नसतं. माणूस खुंटाजवळ उभा राहतो. मेंढरं लांब असतात. कुत्र्यानं मोठा वळसा घालून त्यांच्या मागं जायचं, हळूच त्यांना हलवायचं, सरळ रेषेत आणायचं, फाटकांतून न्यायचं, सांगितलेली मेंढरं बाजूला काढायची आणि बाकीची कुंपणात घालायची. त्यांच्या मोठ्या शर्यतीत एक परीक्षक १०० गुण देतो. वळशाला २०, हलवण्याला १०, आणण्याला २०, हाकत नेण्याला ३०, वेगळी करण्याला १० आणि कुंपणात घालण्याला १०. बेरीज करून बघा, बरोबर येते. कुत्र्यानं विनाकारण मेंढराला चावा घेतला तर त्याला बाद करतात.

कुत्र्याला शिकवायची रीतही ऐकण्यासारखी आहे. या जातीचा कुत्रा मेंढरांच्या पलीकडं, माणसाच्या समोरच्या बाजूला जाऊन उभा राहतो. हे त्याच्या रक्तातच असतं. माणूस डावीकडं सरकला की कुत्रा समतोल राखायला तिकडून सरकतो. तेव्हाच शब्द सांगायचा. घड्याळाच्या काट्यासारखा फिरला तर कम बाय, उलटा फिरला तर अवे. लांब गेल्यावर शब्द ऐकू येत नाही म्हणून शिट्ट्या असतात. आणि काम संपलं की दॅटल डू म्हणतात, म्हंजे पुरे झालं, आता ये. तो शब्द ऐकला की कुत्रा मेंढरं सोडून माणसाकडं पळत येतो.

मला वाटतं, सिरा त्याच शब्दाची वाट बघत वाटेवर बसत असेल. मित्रांनो, आपल्या घरी बैल आहेत, गाय आहे, कुत्रा आहे. ती आपल्यासाठी राबतात. त्यांना चारा-भाकर तर द्यावीच, पण काम झाल्यावर पाठीवर हात ठेवून एक गोड शब्दही बोलावा. त्याला पैसे पडत नाहीत.

– इयत्ता ४ थी