वळकट्या गुंडाळणारे मास्तर

स्मरणिका समितीने विषय वाटले तेव्हा शाळेतील शिस्त हा विषय एकमताने माझ्या गळ्यात पडला. दहावी ‘ब’मध्ये बाकावर उभे राहण्याचा विक्रम माझ्या नावावर आहे, हेच कारण असावे. मित्रांनो, कोंबडा, ओणवे, अंगठे धरणे, डस्टरचा उलटा फटका हे सगळे आपल्याला पाठ आहे, आणि मेळाव्यात चहाच्या पहिल्या कपाबरोबर ते निघणारच. म्हणून मी ते कागदावर आणत नाही. मला लिहायचे आहे ते आपल्या सभागृहात डावीकडच्या भिंतीवर ज्यांची तसबीर होती त्या साने गुरुजींबद्दल. मेळाव्यात आपल्याला एक निर्णय घ्यायचा आहे, त्याच्याशीही याचा संबंध आहे. तो पुढे येईलच.

साने गुरुजी म्हटले की आपल्याला ‘श्यामची आई’ आठवते, २४ डिसेंबरची वक्तृत्व स्पर्धा आठवते आणि फार हळवे, सतत डोळ्यांत पाणी असलेले कोणीतरी डोळ्यांसमोर येते. हे गृहस्थ सहा वर्षे एका हायस्कुलात शिक्षक होते आणि तिथल्या वसतिगृहाची जबाबदारी त्यांच्याकडे होती, हे आपल्याला कुणी नीट सांगितलेच नाही. मलाही ते नोकरीला लागल्यावर उमगले. खानदेशातल्या एका शाळेत मी रुजू झालो, चौथ्या वर्षी वसतिगृह माझ्याकडे आले, आणि साठ-सत्तर पोरांना थंडीत पहाटे उठवणे म्हणजे काय ते कळायला लागले. मग वाचनालयातून गुरुजींच्या चरित्राची आणि त्यांच्या विद्यार्थ्यांच्या आठवणींची पुस्तके आणली. भक्तिभावाने नव्हे, गरज म्हणून. हे पोरांना न मारता कसे सांभाळत होते, एवढेच मला पाहायचे होते.

पांडुरंग सदाशिव साने यांचा जन्म १८९९ सालच्या २४ डिसेंबरचा, कोकणात दापोलीजवळच्या पालगडचा. घराणे खोताचे, पण वडिलांच्या हयातीत ते कर्जात बुडाले आणि जप्तीपर्यंत गोष्ट गेली. मार खाल्लाच नाही असे काही त्यांचे बालपण नव्हते. पोहायला जायच्या भीतीने लपून बसलेल्या श्यामला आईने शिंपटीने झोडपत विहिरीकडे पिटाळले, तो प्रसंग आपल्यापैकी बहुतेकांना आठवत असेल. पुस्तकांसाठी पैसे चोरल्याचेही त्यांनी स्वतःच लिहून ठेवले आहे. मला ही बाब महत्त्वाची वाटते. पुढे ज्यांनी छडी बाजूला ठेवली, ते काही छडी न पाहिलेले किंवा कधी न चुकलेले मूल नव्हते. मुलगा खोटे का बोलतो, लपून का बसतो, हे त्यांना आतून ठाऊक होते.

दापोलीच्या मिशनच्या शाळेत काही वर्षे काढल्यावर पैशांअभावी शिक्षण अडले. गरीब मुलांची सोय होते असे ऐकून ते औंधला गेले. परमुलखात एकटे राहणे, हाताने रांधणे, कधी उपाशी झोपणे, वर प्लेगची साथ. तिथून पुण्याला नूतन मराठी विद्यालयात. १९१७ साली आई गेली तेव्हा ते जवळ नव्हते. १९१८ साली मॅट्रिक झाले, मग न्यू पूना कॉलेज, म्हणजे पुढचे स. प. महाविद्यालय. पदवीनंतर तत्त्वज्ञानाच्या अभ्यासासाठी ते अमळनेरच्या तत्त्वज्ञान मंदिरात आले, एम. ए. झाले आणि १९२४ साली अमळनेरच्याच हायस्कुलात शिक्षक म्हणून लागले. ती शाळा आज प्रताप हायस्कूल म्हणून ओळखली जाते.

अमळनेर म्हणजे बोरी नदीकाठचे, प्रताप मिलचे गाव. आसपासच्या खेड्यांतली मुले शिकायला तिथे येत आणि शाळेच्या वसतिगृहात, त्या काळच्या शब्दांत छात्रालयात, राहत. त्यातली बरीचशी पहिल्यांदाच घराबाहेर पडलेली. ही जबाबदारी गुरुजींकडे आली तेव्हा त्यांची पंचविशी नुकतीच उलटली होती.

वसतिगृहात राहिलेल्या आपल्या मित्रांना सांगायला नको की तिथे शिस्त म्हणजे मोठमोठे शब्द नसतात. अंथरुणाची वळकटी घातली का, मोरीवर कपडे पिळून तसेच टाकले का, कंदिलाची काच काळी का, ताटात टाकले का, दिवा कधी मालवला, अशा पन्नास बारीकसारीक गोष्टी. शिक्षकाचा संयम संपतो तो याच गोष्टींवर. सगळ्याच अधीक्षकांप्रमाणे गुरुजींच्याही वाट्याला विस्कटलेली अंथरुणे आणि पडलेले कपडे आले. त्यांनी केले ते एवढेच की मुले बाहेर गेली की त्यांच्या खोल्यांत जाऊन वळकट्या घालून ठेवायच्या, केर काढायचा, पुस्तके लावायची, कंदिलाच्या काचा पुसायच्या, मोरीवर राहिलेले कपडे धुऊन वाळत घालायचे. मुले परत येत तो खोली लख्ख. पहिले काही दिवस हे कोण करते तेच कळेना. कळले तेव्हा मुले ओशाळली आणि आपली आपण आवरू लागली. त्यांच्या विद्यार्थ्यांनी हे पुन्हा पुन्हा सांगितले आहे. आजारी मुलाच्या उशाशी रात्रभर बसणे, फी भरू न शकणाऱ्याची फी पगारातून भरणे, हेही त्याच आठवणींत येते.

आता इथे तुम्ही म्हणाल, हे भाषणात छान वाटते. मलाही तसेच वाटायचे. माझ्या एका सहकाऱ्याने हे वाचून दुसऱ्याच दिवशी प्रयोग केला. मुले खोलीत असताना हातात केरसुणी घेऊन, चेहरा शक्य तेवढा दुःखी करून त्यांनी झाडायला सुरुवात केली. एका पोराने नम्रपणे कोपऱ्यातली दुसरी केरसुणी त्यांच्यापुढे धरली, म्हणजे काम लवकर उरकेल. पुढे आठवडाभर वसतिगृहात हसू मावत नव्हते. गुरुजी हे काम मुलांच्या माघारी करत, हा फरक बारीक दिसतो, पण सगळे त्यातच आहे. मुलाला लाजवण्यासाठी त्याच्यासमोर केर काढणे हीसुद्धा एक छडीच झाली, फक्त वळ दिसत नाही. आज कायद्यानेही दोन्ही बंद आहे. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या १७ व्या कलमात शारीरिक शिक्षेबरोबर मानसिक छळालाही मनाई केली आहे. आपल्या काळच्या अनेक गोष्टी आज त्या कलमात सापडतील.

दुसरी गोष्ट मला अनुभवाने कळली. छडीने हिशेब मिटतो. दोन खाल्ल्या, हात चोळला, गुन्हा संपला; उद्या पुन्हा करायला मोकळे. आपण हेच करत होतो की नाही, प्रामाणिकपणे आठवून बघा. गृहपाठाच्या कष्टापेक्षा दोन छड्या स्वस्त पडत. गुंडाळून ठेवलेल्या वळकटीचा हिशेब मात्र मिटत नाही, ती मनात राहते. त्यामुळे गुरुजींची शिस्त ढिली होती असे ज्यांना वाटते त्यांनी एकदा त्या मुलांच्या जागी उभे राहून पाहावे. ती आपल्या शिस्तीपेक्षा कडक होती. फक्त तिची सुरुवात शिक्षकापासून होत होती.

वसतिगृहासाठी ते हाताने एक दैनिक लिहीत. ‘छात्रालय’ हे त्याचे नाव. दिवसभर शाळा, संध्याकाळी मुले, आणि रात्री हे लेखन. सकाळी मुलांना ते वाचायला मिळे. जगातल्या घडामोडी, थोरांची चरित्रे आणि वसतिगृहातल्या रोजच्या जगण्याबद्दलही काही. शाळांमध्ये सूचना फलक असतो आणि त्यावर काय करू नये याची यादी असते. इथे शिक्षक रोज रात्री मुलांना जणू पत्र लिहीत होते. मी ही युक्ती उचलली. भोजनगृहाच्या दाराशी एक फळा लावला आणि त्यावर रात्री पाच-सहा ओळी लिहू लागलो. आठवड्यातून दोनदा जमायचे. रोज लिहिणे, तेही अध्यापन आणि हजेरी सांभाळून, म्हणजे काय याची कल्पना मला त्या फळ्याने दिली. पण मुले जेवायला येताना आधी फळ्याकडे बघत, हेही सांगायला हवे. १९२८ साली गुरुजींनी ‘विद्यार्थी’ हे मासिक काढले. या छोट्या दैनिकाचाच तो विस्तार होता असे मला वाटते.

१९३० साली मिठाच्या सत्याग्रहाची हाक आली आणि गुरुजींनी नोकरी सोडली. सहा वर्षांत त्यांची शिक्षकी संपली. पुढचे आयुष्य आपल्याला थोडेफार माहीत आहे, म्हणून भराभर सांगतो. धुळ्याचा तुरुंग, मग दक्षिणेत त्रिचनापल्लीचा, तिथे इतर भाषकांच्या सहवासात सुचलेली आंतरभारतीची कल्पना. १९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात विनोबा दर रविवारी गीतेवर बोलत आणि गुरुजी ते उतरवून घेत. ती गीता प्रवचने आपल्या हाती आली ती त्यांच्या लेखणीमुळे. १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात अवघ्या काही दिवसांत ‘श्यामची आई’ लिहून झाली. ‘धडपडणारी मुले’ या कादंबरीत तर छात्रालयाचे जगच आहे. ज्यांनी ती वाचली नसेल त्यांनी, विशेषतः आपल्यातल्या शिक्षकांनी, जरूर वाचावी. भाषा आज जुनी वाटेल, पण वसतिगृह ओळखीचे वाटेल.

१९४७ च्या मे महिन्यात पंढरपूरचे विठ्ठल मंदिर अस्पृश्य मानलेल्यांना खुले व्हावे म्हणून त्यांनी प्राणांतिक उपोषण केले आणि मंदिर खुले झाले. गांधीजींच्या खुनानंतर त्यांनी पुन्हा एकवीस दिवसांचे उपोषण केले. १५ ऑगस्ट १९४८ ला ‘साधना’ साप्ताहिक सुरू केले. आणि ११ जून १९५० रोजी स्वतःच्या हाताने आयुष्य संपवले. वय पन्नास.

हे शेवटचे वाक्य शाळेच्या स्मरणिकेत लिहावे की नाही याचा मी विचार केला. आपल्याला शाळेत ते सांगितले गेले नव्हते. गुरुजी वारले, एवढेच. पण आपण आता साठीच्या जवळ आलो आहोत. त्या शेवटाला वसतिगृहाशी जोडणे चूक होईल; स्वातंत्र्यानंतरच्या देशाबद्दलची निराशा आणि इतर किती तरी गोष्टी त्यामागे होत्या. तरीही त्यांचे आयुष्य सलग वाचताना मला एक धागा दिसतो. मुलांचा पसारा असो की समाजाचे पाप, त्याचा दंड ते स्वतःला करून घेत. पोरांवर हात न उगारता शिस्त लावता येते हे त्यांनी दाखवले, आणि त्याची किंमत किती हेही त्यांच्याकडेच पाहून कळते. त्या किमतीबद्दल आपण त्यांच्या जयंतीच्या भाषणांत कधी बोलत नाही. एक माणूस, त्याच्या अंगावर पन्नास-साठ मुलांचे आईपण, रात्री दैनिक, दिवसा वर्ग. माझ्या अकरा वर्षांत मी काही गुरुजी झालो नाही, पण थकवा म्हणजे काय ते मला माहीत आहे. वसतिगृहात एकटा अधीक्षक असला की महिनाभरात त्याचा हात आपोआप छडीकडे जातो. तो दुष्ट नसतो, त्याला झोप मिळालेली नसते.

म्हणूनच निधीबद्दल बोलतो. आपल्या बॅचने जमवलेल्या पैशांतून शाळेला प्रत्येक वर्गात आणि वसतिगृहाच्या व्हरांड्यात कॅमेरे बसवून द्यावेत, असा प्रस्ताव ग्रुपवर आला आहे. कारण दिले आहे मुलांच्या बेशिस्तीचे. फाटकावर आणि प्रयोगशाळेत कॅमेरे असावेत, माझी हरकत नाही. पण व्हरांड्यातला कॅमेरा विस्कटलेले अंथरूण फार तर दाखवील. ते पाहून रागवायला पुन्हा तोच एकटा अधीक्षक धावणार. आपल्या शाळेच्या वसतिगृहात आजही एकच अधीक्षक आहेत आणि तेच सकाळी गणित शिकवतात. गेल्या महिन्यात मी स्वतः जाऊन भेटून आलो.

माझी सूचना अशी : वर्गांचे आणि व्हरांड्याचे कॅमेरे वगळावेत, आणि ते पैसे बँकेत ठेव म्हणून ठेवून त्यात दरवर्षी आपण भर घालावी. त्यातून वसतिगृहाला दुसरा माणूस मिळावा, सहायक अधीक्षक म्हणून, रात्रपाळीला. मुख्याध्यापकांना मी विचारले आहे, त्यांची तयारी आहे. मानधनाचा हिशेब मांडून खजिनदारांकडे दिला आहे. मेळाव्याच्या दुपारच्या सत्रात हा विषय दुसऱ्या क्रमांकावर आहे; जेवणानंतर पांगू नका.