१५ बारचं कॉफी मशीन घ्यायचं का? आधी मिलानच्या एका कॅफेवाल्याची गोष्ट वाचा

पोलादपूरहून आंबेनळी घाट चढून महाबळेश्वरला राहायला गेलेल्या कुणालाही विचारा. वर उघड्या पातेल्यात डाळ शिजायला जास्त वेळ लागतो. महाड-पोलादपुरात पाणी १०० अंश सेल्सिअसच्या आसपास उकळतं. महाबळेश्वर साधारण १,३५० मीटर उंचीवर आहे. तिथे हवेचा दाब कमी असतो, म्हणून पाणी ९५-९६ अंशांनाच उकळायला लागतं. घरातल्या कुकरमध्ये याच्या बरोबर उलट होतं. वाफ कोंडते, दाब वाढतो आणि आतलं पाणी १२० अंशांपर्यंत तापतं.

म्हणजे वाफेच्या जोरावर दाब वाढवायचा, तर उष्णताही वाढणारच. डाळीसाठी हे उत्तम आहे, पण कॉफीसाठी नाही.

दाब आणि उष्णता यांची ही गाठ सोडवण्यात एका माणसाच्या आयुष्याची बरीच वर्षं गेली. त्यांचं नाव आकिले गाज्जा. आज ऑनलाइन सेलमध्ये चार हजारांपासून चाळीस हजारांपर्यंत एस्प्रेसो मशीन दिसतात. त्यातलं कुठलं घ्यावं आणि कुठलं टाळावं, हे कळायला त्यांची गोष्ट उपयोगी पडते.

कुकरसारखी मशीन, करपलेली कॉफी

गाज्जा यांचा जन्म १८९५ सालचा, इटलीतल्या मिलान शहरातला. त्यांच्या कुटुंबाचा कॅफे होता. ते इंजिनिअर नव्हते. काउंटरच्या मागे उभं राहून गिऱ्हाइकाला कॉफी देणं हे त्यांचं काम.

त्या काळात इटलीत कॉफीचं मशीन ही नवलाई राहिली नव्हती. १८८४ मध्ये तुरिनच्या आंजेलो मोरिओन्दो यांनी वाफेवर चालणाऱ्या कॉफी मशीनचं पेटंट घेतलं होतं. १९०१ मध्ये मिलानच्या लुइजी बेझेरा यांनी एकेक कप काढून देणारं मशीन आणलं. ते हक्क देसिदेरिओ पावोनी यांनी विकत घेतले आणि १९०५ पासून अशी मशीन कॅफेंमध्ये दिसू लागली. पितळी, उंच, घुमटासारखी.

पण आत होतं काय? एक मोठा कुकर. वाफ कोंडायची आणि तिच्या जोरावर पाणी कॉफीच्या पावडरीतून ढकलायचं. दाब मिळायचा जेमतेम दीड बार. एक बार म्हणजे समुद्रसपाटीवर हवेचा जेवढा दाब असतो, साधारण तेवढा. हा दीड बार मिळवायला बॉयलरमधलं पाणी १२० अंशांच्या पुढे जायचं. कॉफी झटपट व्हायची खरी, पण तिला करपट, कडू चव यायची.

मग दाब वाढवायचा कसा? आज एस्प्रेसोसाठी ९ बारच्या आसपासचा दाब योग्य मानला जातो. तो नुसत्या वाफेतून मिळवायचा, तर पाणी १८० अंशांपर्यंत तापवावं लागेल. कॉफीला मात्र ९० ते ९६ अंशांचं पाणी पुरतं. वाफेच्या वाटेनं या दोन्ही गोष्टी एकत्र जमणं शक्यच नव्हतं.

वाफेला रजा

१९३३ मध्ये आल्फोन्सो बियालेत्ती यांचा मोका पॉट इटलीत आला. अ‍ॅल्युमिनियमचं छोटं भांडं गॅसवर ठेवायचं, की दाट कॉफी तयार. घरासाठी तो स्वस्त आणि सोपा पर्याय होता. पण दाब त्यातही वाफेचाच, म्हणजे तोही कमीच.

गाज्जांनी वेगळी दिशा धरली. क्रेमोनेझी नावाच्या मिलानच्या एका तंत्रज्ञानं वाफेऐवजी दट्ट्यानं पाणी दाबायची युक्ती शोधली होती. त्यांच्या निधनानंतर त्यांच्या पत्नी रोझेत्ता स्कोर्झा यांच्याकडून गाज्जांनी त्या पेटंटचे हक्क घेतले, असं सांगितलं जातं. ५ सप्टेंबर १९३८ रोजी गाज्जांनी स्वतःच्या मशीनच्या पेटंटसाठी अर्ज केला. त्यात स्क्रूसारखा फिरवायचा दट्ट्या होता. पाणी तापवायचं काम बॉयलरचं आणि दाबायचं काम हाताचं.

इथे ती गाठ सुटली. दाब वाढवायला आता उष्णता वाढवायची गरज उरली नाही.

पण वेळ चुकीची होती. दुसरं महायुद्ध सुरू झालं. परदेशातून येणारी कॉफी इटलीत मिळेनाशी झाली आणि १९४३ मध्ये मिलानवर जबर बॉम्बहल्ले झाले. नव्या मशीनचा धंदा उभा राहण्याआधीच थांबला.

कॉफीवर साय

युद्ध संपल्यावर गाज्जा पुन्हा कामाला लागले. स्क्रू फिरवणं कष्टाचं होतं. १९४७ मध्ये त्यांनी स्प्रिंग आणि लांब दांडा असलेल्या मशीनचं पेटंट घेतलं. अमेरिकन सैन्याच्या जीपचं इंजिन पाहून ही कल्पना सुचली, अशी एक आख्यायिका आहे.

काम असं चालायचं. दांडा खाली ओढला की स्प्रिंग दाबली जायची आणि कॉफीवरच्या छोट्या कप्प्यात गरम पाणी यायचं. दांडा सोडला की स्प्रिंग सुटायची आणि दट्ट्या ते पाणी ८-९ बारच्या दाबानं पावडरीतून ढकलायचा. कपात थोडीच, पण दाट कॉफी उतरायची.

आणि कॉफीवर एक नवीनच गोष्ट दिसू लागली. सोनेरी-तपकिरी फेसाचा थर. जास्त दाबामुळे कॉफीतला वायू आणि तेलाचे सूक्ष्म कण एकत्र येऊन तो तयार व्हायचा. हे काय आलंय म्हणून गिऱ्हाइकं आधी बिचकली. गाज्जांनी त्याला नाव दिलं क्रेमा, म्हणजे आपल्या भाषेत साय. ज्याला लोक दोष समजत होते, तीच त्यांच्या कॉफीची ओळख ठरली.

स्वस्त की खास?

१९४८ मध्ये गाज्जांची कंपनी उभी राहिली. सुरुवातीची मशीन बनवण्यात एर्नेस्तो वालेन्ते यांच्या फाएमा कंपनीची साथ होती. पण ही सोबत टिकली नाही. कॉफीच्या इतिहासाचे अभ्यासक याचं एक कारण सांगतात. गाज्जांना हे मशीन निवडक, उंची कॅफेंसाठी हवं होतं, तर वालेन्ते यांना ते स्वस्त करून साध्या कॅफेंपर्यंत न्यायचं होतं. दोघांच्या वाटा वेगळ्या झाल्या.

गाज्जांच्या मशीनचं नाव मात्र देशाबाहेर गेलं. १९५३ मध्ये लंडनच्या सोहो भागात मोका बार सुरू झाला, तो गाज्जा मशीनवर. त्यानंतर ब्रिटनमध्ये कॉफी बारची लाटच आली. १९५० च्या दशकाच्या सुरुवातीला गाज्जा कंपनीनं गिल्डा नावाचं घरगुती मशीनही काढलं. तेही हातानं दाबायचं.

१९६१ मध्ये गाज्जा यांचं निधन झालं. त्याच वर्षी फाएमानं ई-६१ हे मशीन आणलं. त्यात स्प्रिंगऐवजी विजेवर चालणारा पंप होता. हाताचे कष्ट गेले, पण उष्णता वेगळी आणि दाब वेगळा हे गाज्जांचं तत्त्व तसंच राहिलं. आज घरोघरी दिसणारी पंपाची मशीन याच तत्त्वावर चालतात.

मग महाड-पोलादपूरच्या स्वयंपाकघरात काय घ्यावं?

खोक्यावर लिहिलेल्या बारच्या आकड्याआधी एक प्रश्न विचारा. या मशीनमध्ये दाब कशानं तयार होतो?

वाफेनं, असं उत्तर असेल तर सावध व्हा. साधारण चार ते सहा हजारांत मिळणारी बरीच मशीन या प्रकारची असतात. झाकण फिरवून बॉयलर बंद करायचा आणि वाफ तयार होण्याची वाट पाहायची, ही त्यांची खूण. गाज्जांनी ज्या मशीनपासून सुटका करून घेतली, तेच हे मशीन, फक्त लहान आकारात. दूध घालून कडक कॉफी होईल, पण ती एस्प्रेसो नाही. तेवढीच कॉफी हवी असेल, तर याहून कमी पैशांत मोका पॉट येतो आणि त्याला वीज लागत नाही.

पंपानं, असं उत्तर असेल तर पुढचं पाहा. खोक्यावर १५ किंवा २० बार लिहिलेलं असतं. तो पंपाच्या ताकदीचा कमाल आकडा. कॉफीला हवेत ९ बारच्या आसपास. त्यामुळे १५ पेक्षा २० बारचं मशीन चांगलं, असं काही नसतं. पाण्याचं तापमान स्थिर राहतं का आणि पावडर भरायची जाळी साधी आहे का, हे जास्त महत्त्वाचं. दुहेरी तळाच्या जाळीत एकच बारीक छिद्र असतं आणि ते कुठल्याही पावडरीवर फेस आणून दाखवतं. तो फेस म्हणजे चांगल्या कॉफीची खूण नव्हे.

हातानं, असं उत्तर असेल तर तुम्ही थेट गाज्जांच्या घराण्यातलं मशीन पाहताय. गॅसवर पाणी तापवा, ओता, दांडा दाबा. एका वेळी एकच कप होतो आणि घरी चार पाहुणे आले की दमायला होतं. पण पावसाळ्यात वीज गेली तरी ते अडत नाही आणि त्यात बिघडण्यासारखं फारसं नसतं.

शेवटचा मुद्दा इथे छोटा नाही. मशीन बिघडलं तर कुठे न्यायचं? महाडहून मुंबई आणि पुणे, दोन्ही शंभर किलोमीटरहून लांब. कंपनी घरी येऊन दुरुस्ती करते का, तुमच्या पिन कोडवर ती सोय आहे का आणि रबरी गॅस्केटसारखे सुटे भाग मिळतात का, हे पैसे भरण्याआधी विचारा. पंपाची बरीच मशीन हजार ते दीड हजार वॉटची असतात, तेव्हा ओट्याजवळ मोठं सॉकेट आहे का तेही पाहा. जुलै २०२१ च्या पुरात महाडमध्ये तळमजल्यांवरच्या सामानाचं काय झालं, ते सगळ्यांना आठवतंय. सहज उचलून वर ठेवता येईल असं मशीन असलेलं बरं.

निम्मे पैसे मशीनचे नाहीत

बऱ्याच जणांचा हिशेब इथे चुकतो. सगळे पैसे मशीनवर जातात आणि पावडर येते दुकानातली तयार. ९ बारचा दाब कामाला येतो तो पावडर बारीक आणि एकसारखी असेल तरच. जाड दळली असेल तर पाणी सरकन निघून जातं. चिकोरी मिसळलेली फिल्टर कॉफीची पावडर इथे चालत नाही.

मिक्सरचं पातं बिया फोडतं, त्यामुळे काही तुकडे जाड राहतात आणि काहींचं पीठ होतं. जात्यात मात्र दोन तळ्यांमधलं अंतर ठरलेलं असतं, म्हणून पीठ एकसारखं पडतं. कॉफीसाठी याच तत्त्वावर चालणारा, हातानं फिरवायचा ग्राइंडर मिळतो. तो एस्प्रेसोइतकं बारीक दळतो का, एवढी खात्री करून घ्या.

म्हणून १५ हजार रुपये असतील, तर १५ हजारांचं मशीन घेऊ नका. आठ-दहा हजारांचं साधं पंपाचं किंवा हातानं दाबायचं मशीन पाहा आणि उरलेले पैसे ग्राइंडर आणि ताज्या भाजलेल्या बियांसाठी ठेवा. दोन कपांची कॉफी काढायला १६ ते १८ ग्रॅम पावडर घ्या आणि ती २५ ते ३० सेकंदांत उतरते का ते बघा. लवकर उतरली तर अजून बारीक दळा, अडून थेंब थेंब पडली तर थोडी जाड.

आणि एवढे पैसे सध्या नसतील तर? मोका पॉट किंवा दक्षिणेकडचा स्टीलचा फिल्टर घ्या आणि ताजी पावडर वापरा. महिनाभर रोज कॉफी केलीत आणि कंटाळा आला नाही, तर मशीनचा विचार करा. नाहीतर वाफेचं मशीन घाईत घेतलं जातं, दोन महिन्यांनी माळ्यावर जातं आणि घरात पुन्हा चहाच होतो.